खुणेखालचे टिंब

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि शाळेत प्रार्थनेनंतर सूचना वाचत असत त्याच आवाजात सुरुवात केली. "पश्चिम तट: एक पुनर्विचार."

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, तरी त्यांच्यासमोर घरातलं कुणी टेबलावर कोपर टेकत नसे. टेबल म्हणजे तरी काय, त्यांच्या भावाच्या, मिस्त्रींच्या अंगणातला दगड घडवायचा जुना ओटा. आज त्यावर चादर अंथरली होती. जेवणं उरकली होती. मिस्त्रींची लेक नऊ वर्षं समुद्रातल्या खडकावरच्या त्या पडक्या किल्ल्यात उन्हातान्हात मोजमापं घेत फिरली होती आणि त्यातून निघालेला अहवाल बुधवारी किल्ल्याचं काम पाहणाऱ्या सरकारी समितीपुढे जायचा होता. त्याआधी तो घरात एकदा वाचला जावा, अशी बाईंची आज्ञा होती. विनंती करायची त्यांना सवयच नव्हती.

लेक समोर बसून चादरीचा कोपरा पिळत होती. चौतिसाव्या वर्षीही आत्याने आपलं लिखाण हातात घेतलं की ती पुन्हा शाळकरी पोर होई. शिवाय हे साधं लिखाण नव्हतं. तिची हंगामी नोकरी महिनाअखेर संपत होती. समितीने अहवाल उचलून धरला तर ती कायम होणार होती, नाहीतर पुन्हा दुसऱ्यांच्या पुस्तकांची सूची करत बसायचं.

"आठ शतकांपूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून जकात वसूल करण्यासाठी हा किल्ला बांधण्यात आला," बाई वाचत होत्या. "पुढे दहा महिन्यांचा वेढा, त्यानंतर सत्तांतर. काही काळ तुरुंग, काही काळ धान्याचं कोठार, आणि गेली शंभर वर्षं..."

"शेळ्यांचा गोठा," धाकटे काका म्हणाले. "ताई, थोडक्यात सांग ना. मला चारच्या ओहोटीआधी लाँच बाहेर काढायचीय."

"थोडक्यात सांगायला ती काय तुझी लाँचवरची बडबड आहे?"

ही बडबड गावात प्रसिद्ध होती. धाकटे काका गेली तीस वर्षं पर्यटकांना लाँचमधून किल्ल्याभोवती फिरवत आणि दर फेरीला किल्ल्याचा इतिहास थोडा वाढवत. भुयार त्यांनीच खणलं होतं, आणि राणीची उडीही त्यांचीच. पुतणीने इतिहास शिकायला घेतला तेव्हा सर्वांत जास्त धास्ती त्यांना वाटली होती.

"मी सांगते, काका," लेक म्हणाली. "वेढा घालणाऱ्यांच्या कारकुनाने लिहून ठेवलंय, आम्ही पश्चिमेचा तट पाडून आत शिरलो. आजवर सगळ्यांनी तेच खरं धरलं. पण मी तटाचा एकेक दगड बघितला. बांधणारे कारागीर दगडावर आपली खूण करायचे. कुणाचा मासा, कुणाची चंद्रकोर. पूर्वेच्या दरवाज्यावर ज्या खुणा आहेत, त्याच पश्चिमेला आहेत. तट पाडून नव्याने बांधला असता तर खुणा वेगळ्या नसत्या का? म्हणजे तो कधी पडलाच नाही. आतून कुणीतरी दार उघडलं असणार आणि कारकुनाने मारली थाप."

"पडलाच नाही!" काकांनी ओट्यावर थाप मारली. "जियो डॉक्टरीणबाई! मी आजच बोर्ड रंगवायला टाकतो. 'कधीही न पडलेला किल्ला'. आणि धक्क्याचं काय?"

"तट मूळचा आणि मजबूत ठरला तर तुमच्या लाँचचा धक्का त्याच्याच पायथ्याशी होईल. समितीच्या प्रमुखांना निष्कर्ष फार आवडलाय. फोनवर दोनदा म्हणाले."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. मिस्त्री नेहमीप्रमाणे गप्प होते. उभ्या आयुष्यात त्यांनी माणसांपेक्षा दगडांशी जास्त बोलणं केलं असेल. गुडघ्यांनी जवाब दिल्यापासून, म्हणजे बारा वर्षांत, ते किल्ल्यावर गेले नव्हते आणि लेकीच्या कामाबद्दल त्यांनी कधी अवाक्षर विचारलं नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटे. पण ती ते बोलून दाखवत नसे, बापाचीच लेक ती.

"चित्र बघू," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी कागद हातभर लांब धरला. मासा अगदी जसाच्या तसा उतरला होता, शेपटीचा तिरपा घाव धरून.

"याच्याखाली काही नव्हतं?"

"खाली? बारीक टोचे होते, हत्यार घसरल्यासारखे. बऱ्याच दगडांवर आहेत. ते चित्रात घेतले नाहीत, उगाच घाण दिसते."

मिस्त्रींनी कागद हळूच ओट्यावर ठेवला. "छान काढलंस," ते म्हणाले आणि उठले. "चुना बघून येतो."

चुना बघण्यासारखं त्या दिवशी काही नव्हतं.

*

घरामागच्या चुन्याच्या टाकीपाशी मिस्त्री नुसते उभे राहिले. टाकीवर फळी होती, फळीवर दगड होता, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी त्यांनी फळी उचलून पुन्हा ठेवली. 

ती टिंबं होती. हत्यार घसरलेलं नव्हतं.

पडलेला दगड पुन्हा जागेवर बसवला, की ज्याने तो मुळात घडवला त्याच्या खुणेखाली एक टिंब मारायचं. आपली खूण करायची नाही. दुसऱ्याने घडवलेल्या दगडावर आपलं नाव घालणारा माणूस मिस्त्रींच्या घराण्यात गवंडी म्हणवून घेऊ शकत नसे. दगड पुन्हा पडला, पुन्हा बसवला, की दुसरं टिंब. मिस्त्रींना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं, तेही त्याच पश्चिम तटावर. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि पहिलं टिंब वाकडं गेलं म्हणून त्यांच्या पाठीत धपाटा बसला होता.

"काय झालं, दादा?" धाकटा मागे येऊन उभा राहिला होता. "तुझा चेहरा असा का झालाय?"

मिस्त्रींनी सांगितलं. त्यांना चार वाक्यं पुरली.

धाकट्याने डोकं खाजवलं. तो लहानपणीच दगडांना कंटाळून पाण्यावर पळालेला. टिंबांचं काहीतरी वडील बोलत असत, एवढंच त्याला अंधुक आठवत होतं. "बरं, मग पडला असेल तट. शेकडो वर्षांपूर्वीचा कुणाचा कोण तो कारकून, त्याच्यापायी घरच्या पोरीच्या ताटात माती कालवणार आहेस? नऊ वर्षं दादा! आज पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं."

"मी पण बघितलं."

"मग गप्प बस. तुला ते चांगलं जमतं."

"धक्का कुठे होणार म्हणाली ती?"

"तटाच्या पायथ्याशी. का?"

"चौकोनी बुरुजापासून वीस-बावीस पावलांवर ना? तिथे खालून लाटा आत घुसतात. आपल्या आजोबांनी तिथले दगड बसवले तेव्हा चौथं टिंब पडलं. मी आणि वडिलांनी मारलं ते पाचवं. पाच वेळा एकाच जागी पडलेला तट आहे तो. तू त्याच्याखाली लाँच लावणार आणि लोक उतरवणार."

धाकट्याने एकदा समुद्राकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याने लाँचमधून कुणाचा पायही मुरगळू दिला नव्हता. एवढ्या एका गोष्टीत तो थापा मारत नसे.

"मग सांग तिला," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"कसं सांगू? ताईला शब्द दिलाय."

*

नळापाशी ताटं विसळणाऱ्या मोठ्या बाईंनी नळ बंद केला. ऐकायचं म्हणून त्या उभ्या नव्हत्या. पण दोन्ही भावांना दबक्या आवाजात बोलणं लहानपणापासून जमलेलं नव्हतं.

शब्द. त्यांना तो दिवस लख्ख आठवला. पोरीची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाई सुट्टीला आल्या, तर नऊ वर्षांची ती चिमुरडी याच ओट्यावर मांडी घालून छिन्नी मारत बसलेली. अंगठ्याचं नख काळंनिळं आणि केसांत दगडाचा भुगा. बाईंनी छिन्नी हिसकावून अंगणाबाहेर भिरकावली होती. 'हिला शिकवायचीय मला. धंद्यातलं एक अक्षर हिच्या कानावर घालशील तर मी या घरात पाय ठेवणार नाही. दे शब्द!' आणि भावाने मान हलवली होती.

त्यानंतर बाईंनी पोरीला शिकवलं, वसतिगृहात ठेवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं याचा कधी उच्चार केला नाही. पोरीला घडवलं कुणी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी बेलाशक 'मी' म्हटलं असतं. आणि पंचवीस वर्षं हा भाऊ जेवताना, चहा पिताना, पोरगी किल्ल्यावरून लाल डोळ्यांनी परत येताना गप्प बसून राहिला. बाईंना तो घुम्या वाटे. लेकीचं कौतुक नसलेला बाप वाटे. तसं त्या चार लोकांत बोलूनही दाखवत.

त्यांनी हात पदराला पुसले. शाळेत कुणाच्या हातून काही फुटलं तर स्वतः येऊन सांगायचं, असा त्यांचा नियम होता. हा नियम त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांना लावला.

त्या सरळ ओट्याशी गेल्या. लेक कागद जुळवत होती.

"पोरी, तुझ्या अहवालात एक चूक आहे. ती तुझी नाही, माझी आहे."

आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, छिन्नी भिरकावण्यापासून पाचव्या टिंबापर्यंत. मधे एकदा शब्द चुकला, तेव्हा थांबून वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तोवर दोघे भाऊ मागच्या दारात येऊन उभे राहिले होते.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग ती आत्याकडे नाही, वडिलांकडे वळली.

"नऊ वर्षं, बाबा! नऊ वर्षं मी तिथे दगडन् दगड मोजला आणि तुम्ही इथे बसून चुना मळत होतात!"

"तू विचारलं नाहीस."

"मला माहीत असतं तर विचारलं असतं ना!"

"शब्द दिला होता."

"शब्द! आणि मी? बुधवारी मी त्यांना काय तोंड दाखवू? त्या माणसाने फोनवर दोनदा शाबासकी दिलीय मला!" तिचे डोळे भरून आले आणि ते भरून आले याचाच तिला आणखी राग आला. "मला वाटायचं माझं काम तुम्हाला फालतू वाटतं. मला काय वाटायचं ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "तू किल्ल्यावर निघालीस की मी रोज वरच्या गच्चीवर जायचो," ते म्हणाले. "गुडघे दुखायचे. पण तिथून तट दिसतो. तू कुठे उभी आहेस ते दिसायचं."

 लेक आत गेली आणि तिने दार धाडकन आपटलं. धाकटे काका दाराशी जाऊन कान लावून परत आले. बाई ओट्यावरची चादर उगाच सारखी करत राहिल्या.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग दार उघडलं आणि लेक बाहेर आली ती छातीशी वह्यांची चळत धरून. त्या किल्ल्यावर नेऊन नेऊन कडा मऊ झालेल्या अकरा वह्या होत्या. तिने त्या ओट्यावर टाकल्या आणि मधलीच एक उघडली.

"अहवालात नाही घेतले," ती म्हणाली, "पण वहीत काढलेत. जे दिसलं ते सगळं काढायचं अशी शिस्त होती माझी." ती आत्याकडे न बघता म्हणाली, "ती तुझीच शिस्त."

बाईंनी चष्मा काढला आणि परत घातला.

मिस्त्रींनी वही ओढून घेतली. माशाखाली दोन टिंबं. चंद्रकोरीखाली तीन. पुढच्या पानावर पुन्हा मासा, खाली पाच. त्यांचं बोट एकेका टिंबावर थांबत पुढे सरकत होतं. आपलं उभं आयुष्य त्यांनी असं कागदावर कधी पाहिलं नव्हतं.

"काका, ओहोटी चारची ना?" लेकीने विचारलं.

"चारची. पण दादाला त्या शेवाळावरून चालवणार नाही मी." धाकट्यांनी किल्ली खिशातून काढली. "लाँच थेट खडकाला लावतो. बोर्ड गेला खड्ड्यात. चला!"

*

तटाखाली पाणी घोट्याएवढं होतं. धाकट्यांनी मिस्त्रींना जवळजवळ उचलूनच खडकावर ठेवलं आणि बाईंना हात दिला, तो त्यांनी नाकारला आणि मग घेतला. लेक वही उघडून पुढे झाली.

ती दगडाला हात लावून आकडे सांगू लागली आणि मिस्त्री खडूने त्यावर गोल करू लागले. एका टिंबाचे दगड, दोन टिंबांचे, तीन. तासाभराने लेक दहा पावलं मागे सरली आणि तिने तटाकडे पाहिलं.

काहीच टिंब नसलेले दगड दोन्ही बाजूंना होते. मधोमध एखाद्या रुंद दरवाज्याएवढ्या जागेत एकही दगड टिंबाशिवाय नव्हता. ती जागा खाली अरुंद होती आणि वर फाकत गेली होती. नऊ वर्षं ती याच भिंतीला नाक लावून उभी होती आणि मागे सरून बघायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

"हे खिंडार," ती म्हणाली. "इथूनच शिरले ते. कारकून खरं बोलत होता."

"बिचारा," काका म्हणाले. "आपण उगाच त्याला थापाड्या ठरवलं." थापाड्यांबद्दल त्यांना आपुलकी होती.

"पण त्याने पुढचं लिहिलं नाही." मिस्त्रींचा हात खिंडारातल्या दगडांवरून फिरत होता. इतकं सलग ते वर्षानुवर्षं बोलले नव्हते. "बघ, त्यांनी नवे दगड नाही आणले. समुद्रात पडलेले तेच शोधून वर काढले. भरती-ओहोटीत, एकेक. आणि ज्याने घडवला त्याची खूण बाहेरच्या अंगाला ठेवून बसवला. खाली फक्त टिंब. पहिली तीन टिंबं कुणाची, मला माहीत नाही. जिंकलेल्यांची असतील, हरलेल्यांची असतील. पद्धत मात्र तीच आमच्यापर्यंत आली."

लेक ऐकत होती आणि भराभर लिहीत होती. मधेच ती एका माशाशी थांबली. "बाबा, इथे पाचवं टिंब वाकडं आहे."

"ते माझं," मिस्त्री म्हणाले.

बाई आधी हसल्या. मग सगळेच हसले, आणि लेकीला हसता हसता रडू आलं. तिने वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बारा वर्षांनी किल्ल्यावर आलेल्या त्या माणसाला काय करावं कळेना, म्हणून त्याने तिच्या केसांतला खडूचा भुगा झटकला.

पायथ्याशी शेवाळात एक दगड पडलेला होता. गेल्या वादळात सुटला असावा. काकांनी तो पालथा केला, तर चंद्रकोर आणि खाली पाच टिंबं. सगळ्यांनी वर पाहिलं. जिथे धक्क्याची पायरी यायची होती, तिथे बरोबर वर काळं भोक दिसत होतं.

 काकांनी बाईंचा हात धरून त्यांना चार पावलं लांब नेलं.

मिस्त्रींनी पिशवीतून छिन्नी काढली आणि लेकीपुढे धरली. बाईंनी ती ओळखली. अंगणाबाहेर भिरकावलेली तीच होती. भावाने ती उचलून आणून जपून ठेवली होती.

लेक दगडाशी बसली आणि तिने चंद्रकोरीखाली छिन्नीचं टोक टेकवलं.

"आत्ता नाही," मिस्त्री म्हणाले. "टिंब दगड बसवल्यावर मारायचं, आधी नाही. छिन्नी मात्र तुझ्याजवळ ठेव."

*

सोमवारी सकाळी लेकीने समितीच्या प्रमुखांना फोन केला. ओट्याभोवती तिघेही कान देऊन उभे होते. माझा निष्कर्ष चुकीचा आहे, तिने सांगितलं, तट पडला होता, एकदा नाही, पाच वेळा.  मग प्रमुखांनी विचारलं, टिंबं किती दगडांवर आहेत? ती म्हणाली, चारशे बारा. त्यांनी विचारलं, सगळी नोंद आहे? आहे, ती म्हणाली. मग वह्याही आणा, ते म्हणाले, आणि त्या मिस्त्रींना घेऊन या.

"नोकरीचं?" काकांनी खुणेने विचारलं. तिने मान हलवली. त्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

दोन दिवस ओटा कागदांनी भरून गेला. मिस्त्री सांगत आणि लेक लिहून घेई. लिहून होईपर्यंत पुढचं सांगू नका, म्हणून ती वडिलांना दटावत होती. काका चहा आणत आणि जाता येता 'पाच वेळा उभारलेला किल्ला' हे बोर्डावर मावेल का ते बोटांनी मोजून बघत.

मंगळवारी ऊन कलताना नवा अहवाल तयार झाला. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिलं पान समोर धरलं. शीर्षक जुनंच होतं, पश्चिम तट: एक पुनर्विचार. खाली लेकीचं नाव होतं. आणि नावाखाली मधोमध शाईचं एक टिंब होतं, किंचित वाकडं.

"अगं, इथे डाग पडलाय," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात सवयीने खोडरबराकडे गेला.

मिस्त्रींनी बहिणीचा हात धरला. "राहू दे, ताई," ते म्हणाले. "पडलेला दगड बसवलाय तिने."